चौदावी पत्रिका

बावीस वर्षं मी चाकणच्या एका कंपनीची स्टाफ बस चालवतोय, आणि एवढ्या वर्षांत मला मनापासून हेवा वाटला तो एका बाईचा. बाई तरी कसली, फोनमधला आवाज. हे सांगायची मला आता लाज वाटत नाही. वाटायची तेवढी वाटून झाली आहे.

आमचं घर चिखलीचं, जुन्या गावठाणातलं. चिखली ते चाकण हा पट्टा मला तळहातासारखा पाठ. कुठल्या आळीतून बस वळते, कुठल्या मंगल कार्यालयापुढं लग्नाच्या तिथीला गाडी अडकते, कुठल्या वळणावर म्हशी आडव्या येतात, सगळं ठाऊक. पहाटे पाचला पहिल्या शिफ्टची बस काढायची. बसमध्ये कोणी बीडचा, कोणी लातूरचा, कोणी कोकणातला, आणि सगळ्यांचा मी मामा. नाशिक रस्ता तुंबला की मागून हाक यायची, "मामा, आज कुठनं?" मी मागं वळूनसुद्धा बघायचो नाही. स्टिअरिंग मोईकडं फिरवायचं, निघोज्यातून गाडी काढायची आणि शिफ्टच्या आधी पाच मिनिटं गेटवर उभी करायची. उतरताना एखादा म्हणायचा, "मानलं राव मामा." तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

मग गेल्या वर्षी गणपती गेले आणि त्याच आठवड्यात सगळ्यांच्या फोनवर ते नवं अपडेट आलं.

त्या दिवशी बसमध्ये दुसरा विषयच नव्हता. पेंट शॉपमधला बीडचा एक जण फोन उलटासुलटा करत होता. "काय राव, कॅमेऱ्याचं बटण कुठं दडवलंय, सापडंना झालंय." क्वालिटीतली एक मुलगी भडकली होती. रात्रीत काय बदललं कोण जाणे, तिचा गजर वाजलाच नव्हता, आईनं हलवून उठवलं म्हणून बस मिळाली. स्टोअरमधले कोकणातले गृहस्थ बॅटरीकडं डोळे लावून बसले होते. "बरा चालला होता फोन, कशाला बोट घालायचं त्यात?" असं ते चाकण येईपर्यंत तीन वेळा म्हणाले. कुणाला अक्षरं आवडली, कुणाला रंग म्हणजे लहान मुलांच्या गोळ्या वाटल्या. मी आरशातून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, बरं झालं, भोगा.

पण मॅप उघडला आणि सगळ्यांच्या तक्रारी बंद पडल्या. नवा मॅप म्हणे चक्क मराठीत बोलतो, "पुढच्या देवळापाशी डावीकडे वळा" असं सांगतो. पुलावर कुठल्या रांगेत राहायचं ते दाखवतो. दहा-पंधरा ठिकाणं एकदम टाकली तर आधी कुठं, मग कुठं, ते सगळं स्वतःच जवळच्या अंतरानं लावून देतो. क्वालिटीतल्या मुलीनं आवाज मोठा केला आणि सगळ्या बसला ऐकवला. बाईचा आवाज. गोड, थंड, कधी न चिडणारा. बीडचा म्हणाला, "मामा, आता तुमी आराम करा." सगळे हसले, मीही हसलो. नाकाला मिरच्या झोंबल्या तरी हसावं लागतं, ड्रायव्हरला तोंड लपवायला जागा नसते.

गेटवर बस लावल्यावर सगळे उतरून गेले आणि मी माझा फोन काढला. अपडेट शोधलं. फोननं उत्तर दिलं, "तुमचा फोन अद्ययावत आहे." जुन्या मॅपचंच तोंड समोर. दुसऱ्या दिवशी परत बघितलं, तिसऱ्या दिवशी परत. शेवटी क्वालिटीतल्या मुलीला विचारलं. तिनं फोन हातात घेतला, मागची बाजू बघितली आणि म्हणाली, "मामा, ह्या मॉडेलला येणारच नाही ते. फार जुनं झालंय." तिनं सरळ मनानं सांगितलं होतं, पण मला चार दिवस जेवण गोड लागलं नाही.

त्यानंतर बसमध्ये हाक बदलली. "मामा, आज कुठनं?" गेलं. आता म्हणायचे, "मामा, सरळच घ्या, मॅप सरळ सांगतोय." आठ दिवस मी ऐकून घेतलं. नवव्या दिवशी कुरुळीच्या फाट्याला ट्रकांची रांग दिसली आणि मी बस मागं वळवून मोईच्या रस्त्याला घातली. मागून तिघं-चौघं म्हणाले, "मामा, नका, तो रस्ता बंद दाखवतोय." मी म्हणालो, "बावीस वर्षं झाली, मला रस्ता शिकवू नका." निघोज्याच्या अलीकडं ओढ्यावरचा पूल खणून ठेवलेला होता. एवढी मोठी बस तिथल्या तिथं वळवायला वीस मिनिटं गेली. गेटवर पोचलो तेव्हा बसमधल्या सगळ्यांना लेट मार्क लागला होता. सगळे घड्याळ बघत गेटाकडं पळाले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ही बातमी माझ्याआधी घरी पोचली. आमच्या आळीतलाच एक जण त्या बसला असतो.

त्याच दिवसांत माझ्या मुलीचं लग्न ठरलं होतं. तुळशीचं लग्न झालं की दोन आठवड्यांनी तारीख. पत्रिका छापून आल्या आणि त्या वाटायचं ठरलं, तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, काकाच नेईल गाडी. त्याच्या फोनला नवा मॅप आलाय. तुम्ही परत कुठं तरी अडकाल." हसत म्हणाली. माझी पोर, माझ्याच घरात, माझ्याच लग्नकार्यात.

काका म्हणजे माझा धाकटा भाऊ. वाकडला राहतो, अकराव्या मजल्यावर, कॉम्प्युटरची नोकरी. आम्ही तिघं भावंडं. थोरली बहीण, तिच्या पाठचा मी, आणि माझ्यानंतर आठ वर्षांनी हा. लहानपणापासून घरात जे चांगलं आलं ते आधी ह्याच्या ताटात. शिकायला बाहेर गेला, हुशार निघाला, गाडी घेतली, माझ्या मुलीला तिचा पहिला फोन ह्यानंच दिला. आणि वाईट हे की माणूस चांगला आहे. मला अजून दादा म्हणून वाकून नमस्कार करतो. खोट काढायची तर काढायची कुठून? त्यामुळे माझी जळफळ आतल्या आतच राहायची.

आणि पत्रिका वाटणं हे आमच्या घरात माझं काम. आधी वडिलांच्या मागं सायकलवर बसून, मग मोटरसायकलवर, मग जीप भाड्यानं करून. भावकीत कुणाचं घर कुठं, कुणाच्या दारात उभं राहूनच पत्रिका द्यायची आणि कुणाकडं चहा घेतल्याशिवाय उठायचं नाही, हे वडिलांनंतर मला एकट्याला ठाऊक. त्या दिवशी संध्याकाळी काका-पुतणी आमच्या ओट्यावर डोक्याला डोकं लावून बसले आणि एकेक पत्ता फोनमध्ये टाकू लागले. मला विचारलं ते फक्त पत्त्यापुरतं. "बाबा, भोसरीच्या आजोबांची गल्ली कुठली? आत्याची सोसायटी स्टेशनच्या ह्या बाजूला का त्या?" मी सांगत गेलो. सतरा घरं झाली. भावानं बोट टेकवलं आणि सतरा नावं आपोआप खालीवर सरकून जागेवर बसली. मुलीनं टाळ्या वाजवल्या.

मी चष्मा लावून यादी बघितली. चिखली, मोशी, भोसरी, पिंपरी, वाकड, रावेत, मग तळेगाव, मग चाकण आणि परत. रस्ता झकास लावला होता, मान्य करायला पाहिजे. मीसुद्धा असाच लावला असता, फक्त एक सोडून. आमची ताई तळेगाव दाभाड्याला असते. ती यादीत चौदावी होती.

आमच्या घरात देवानंतर पहिली पत्रिका घरच्या लेकीची. मग कोणी कितीही मोठा असो, चुलता असो नाही तर गावचा सरपंच असो, तो लेकीनंतर. पत्रिका वाटायला निघायच्या दिवशी लेक सकाळी अंघोळ करून, पाट मांडून, पुरण शिजवून बसते, आणि भाऊ येऊन हातात पत्रिका देईपर्यंत तोंडात घास घालत नाही. भाऊ येतात, कुंकू लावतात, मग सगळे एका पंगतीला जेवतात आणि भाऊ पुढच्या घरांना जातात. नवापर्यंत सगळं उरकतं, म्हणून ह्याचं कधी कुणाला ओझं वाटलं नाही. ताईनं आईचं बघून धरलं, माझ्या लग्नात केलं, भावाच्या लग्नात केलं. भावाला मात्र ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. माझ्या लग्नात तो शिकायला बाहेर होता, स्वतःच्या लग्नात नवरदेव, आणि नवरदेव काही पत्रिका वाटायला जात नाही.

भावानं मान वर करून विचारलं, "दादा, क्रम असाच ठेवू ना?"

एक वाक्य बोलायचं होतं. ताई आधी. दोन शब्द. आणि मी म्हणालो, "मला काय इचारतो? तुझ्या फोनला इचार."

त्याला वाटलं दादानं चेष्टा केली. तो हसला, मुलगी हसली.

मी का बोललो नाही, हे मी तेव्हाही स्वतःशी लपवलं नव्हतं. मला वाटत होतं, चुकू दे. एकदा चुकू दे ती बाई, सगळ्यांच्या देखत. मग येतील दादा-दादा करत. ताई रागावेल, भावाची फजिती होईल, मी मध्ये पडून समजूत घालीन आणि मग म्हणतील, हे दादाशिवाय कुणाचं काम नव्हे. माझ्या डोळ्यांपुढं हे असं सगळं आलं होतं. ताईच्या पोटात भूक असेल, हे त्या चित्रात कुठंच नव्हतं.

ठरलेल्या दिवशी माझी बायको तिच्या माहेरच्या पत्रिका घेऊन तिच्या भावाबरोबर खेडला गेली. जाताना चप्पल घालता घालता तिनं बजावलं, "आधी तळेगाव करा. वन्सं उपाशी बसतील, त्यांना साखरेची गोळी चालू हाय." मी म्हणालो, "व्हय, व्हय." तिनं माझ्यावर भरवसा ठेवला आणि गेली.

आम्ही दोघांनी भैरवनाथापुढं पत्रिका ठेवली, नारळ फोडला आणि गाडीत बसलो. भाऊ म्हणाला, "दादा, पुढं बस की." मी मागं बसलो. म्हणालो, "पुढं तुझी बाई हाय, तिला अडचण नको." पुढच्या सीटवर पत्रिकांचा गठ्ठा आणि कुंकवाची डबी. बाई बोलायला लागली. दोनशे मीटरवर उजवीकडे वळा. आणि तो वळला. मी ओळखीच्या रस्त्यांवर पाहुण्यासारखा खिडकीतून बघत होतो.

एक घर चुकलं नाही. माझ्या काळी निम्मा वेळ "अहो, ते इथं कुठं राहतात" हे विचारण्यात जायचा. ती थेट दारात नेऊन उभी करत होती, आणि जिथं जाऊ तिथं भावाच्या फोनचं कौतुक. मोशीला एका चुलतभावानं तर त्याच्याकडून फोन घेऊन स्वतःच्या गोठ्यापर्यंतचा रस्ता लावून बघितला. बाईनं गोठ्याच्या फाटकापर्यंत नेलं म्हणून सगळं घर खूश. मी चहा पीत बसलो. मला कोणी काही विचारलं नाही.

भोसरीला आमचे थोरले चुलते, आता ऐंशीच्या पुढचे. भाऊ पत्रिका देऊन, पाया पडून गाडी काढायला बाहेर गेला. चुलत्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "लेकीकडं जाऊन आलासा न्हवं?"

मी म्हणालो, "व्हय."

आतापर्यंत मी नुसता गप्प होतो. भोसरीत खोटं बोललो. गाडीत बसल्यावर सांगावंसं वाटलं, पण सांगायचं कसं? आता सांगितलं तर भाऊ पहिलं हेच विचारणार, मग यादी करताना का नाही सांगितलंस? प्रत्येक घराबरोबर सांगणं अवघड होत गेलं, आणि प्रत्येक घराबरोबर माझा राग त्या बाईवरच वाढत गेला. जसं काही तिनंच मला बोलू दिलं नव्हतं.

दीडच्या सुमाराला वाकडला भावाच्या घरी जेवायला बसलो होतो. माझा फोन वाजला. ताई.

"कुठवर आला रं?"

"येतोय ताई. वाकडला हाय."

"वाकडला?" ती म्हणाली. "माझ्याकडनं मग पुढं वाकड न्हवं का?"

"ह्याच्या फोननं असं लावलंय."

"बरं," ती म्हणाली. "या सावकाश. गर्दी असंल."

जेवलीस का, हे मी विचारलं नाही. जेवून घे, असं म्हणालो नाही. म्हटलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं, असं मी नंतर पुष्कळ दिवस स्वतःला समजावलं. पण म्हणालो नाही हे खरं. फोन ठेवला आणि आमटी परत मागून घेतली.

रावेत उरकून जुन्या हायवेला लागलो तर सोमाटण्याला गाड्यांची रांग. बाई म्हणाली, अठरा मिनिटे उशीर. भाऊ गाणं गुणगुणत होता. तळेगावात शिरलो तेव्हा साडेपाच होऊन गेले होते.

ताईचं घर दुसऱ्या मजल्यावर. दार सताड उघडं होतं. उंबऱ्यापुढची रांगोळी दिवसभराच्या जाण्यायेण्यानं पुसत आली होती. आत भिंतीला तीन पाट मांडलेले, पाटापुढं ताटं पालथी घातलेली. ताई खुर्चीवर बसली होती, नवी साडी, कपाळाला घाम. आम्हाला बघून उठायला गेली आणि परत बसली.

मेहुणे स्वयंपाकघरातून साखरपाणी ढवळत आले. म्हणाले, "सकाळपास्नं पाण्यावर हाय. गोळी घेतली आन् वर कायबी खाल्लं न्हाई. मी सांगून दमलो."

भावाचा चेहरा पडला. "ताई, अगं का? जेवायचंस ना!"

"आवतण आल्याबिगर कशी जेवू?" ती म्हणाली. तिला वाटलं हे काय विचारतोय.

भावानं माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. "मला कुणी सांगितलंच नाही."

ताईनं विचारलं, "कितवं घर माझं?"

तो खोटं बोलू शकत होता. मी असतो तर बोललो असतो. त्यानं फोनकडं बघितलं आणि म्हणाला, "चौदावं."

मग ती माझ्याकडं वळली. तिच्या तोंडावर राग असता तर मी भांडलो असतो, तेवढा मी तयारीचा आहे. पण ती नुसती विचारत होती. "ह्याला न्हाई ठाऊक. तू व्हतास ना गाडीत?"

"फोननं लावलं तसं..." मी म्हणालो.

"फोन काय माझ्या पाठचा हाय?"

मेहुण्यांनी तिच्या तोंडाला पेला लावला. तिनं तो बाजूला केला, पत्रिकेसाठी दोन्ही हात पुढं केले. मी डबी उघडायला गेलो, पण तिचे हात भावाकडं होते. त्यानं कुंकू लावलं, पत्रिका दिली, तिनं ती कपाळाला लावली, देव्हाऱ्यात ठेवली आणि मग साखरपाणी प्यायली. थोडं बरं वाटल्यावर स्वतः उठून पुरणपोळ्या वाढल्या. फडक्यात गुंडाळलेल्या पोळ्या वाळून कडक झाल्या होत्या. तुपात बुडवून खाल्ल्या. तिघं एका पंगतीला बसलो. मी नको म्हणालो तरी माझ्या पानात तिनं दुसरी पोळी टाकली.

खाली आल्यावर भाऊ गाडी चालू न करता तसाच बसला. "दादा," तो म्हणाला, "तुला माहीत होतं."

"व्हय."

"सांगायचंस रे."

एवढंच. मी वाट बघत होतो की तो ओरडेल. त्यानं फोन काढून बंद केला, खिशात घातला, पुढच्या सीटवरच्या उरलेल्या पत्रिका उचलल्या आणि म्हणाला, "पुढं ये. चाकणची तीन घरं तू सांग."

दिवसभर ज्या जागेसाठी जळत होतो तिथं मी पत्रिका मांडीवर घेऊन बसलो. डावीकडं घे, आता सरळ, त्या पिंपळापाशी थांब. तो तसं वळवत होता. मी सांगितलेला एकही रस्ता चुकला नाही आणि मला त्याचं काडीचं सुख झालं नाही.

लग्न चांगलं झालं. ताई दोन दिवस आधी आली, हळदीला पुढं, पाठवणीला पोरीच्या गळ्यात पडून रडली. मी सारखा धास्तावलेला, की आता ही बायकोला सांगेल, मुलीला सांगेल. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. भावानंही नाही. मला वाटलं, मिटलं.

मग संक्रांत आली. मुलीची लग्नानंतरची पहिली संक्रांत, आमच्याकडं हळदीकुंकू, आणि आत्या पाहिजेच. मेहुण्यांना ताप होता, म्हणून शिफ्ट संपवून मीच ताईला आणायला तळेगावला गेलो. भाड्याची गाडी केली. ड्रायव्हर नांदेडकडचा, इकडं नवा. मी त्याच्या शेजारी बसलो, ताई मागं. गाडी निघाली आणि मागून आवाज आला. तोच. गोड, थंड. पाचशे मीटरवर डावीकडे वळा. ताईच्या हातात नवा फोन होता, भावानं दिलेला.

मी हसून म्हणालो, "ताई, मी हाय की. बंद कर तो, मी सांगतो ह्याला."

तिनं फोन बंद केला नाही. रागानं म्हणाली नाही, साध्या आवाजात म्हणाली, "फोनला ठाऊक असलं की त्यो सांगतो रं. तुला ठाऊक असलं तरी तू सांगशीलच असं न्हाई."

ड्रायव्हरला काय कळलं असेल ते असो, त्यानं रेडिओ बारीक केला.

देहूच्या पुढं, चिखलीच्या अलीकडं एक फाटा आहे. डावा रस्ता जवळचा. पण आदल्या दिवशी दुपारीच पाण्याच्या पाइपासाठी तो आडवा खणला होता. देहूकडची माणसं सोडायला बस नेली तेव्हा मी डोळ्यांनी बघितलं होतं, अजून पाटीसुद्धा लागली नव्हती. बाई म्हणाली, डावीकडे वळा.

मी ड्रायव्हरला म्हणालो, "सरळ घे. डावीकडं खणलंय."

त्यानं गाडी हळू केली आणि आरशातून ताईकडं बघितलं. मीही आरशात बघितलं. ताई आधी माझ्या पाठीकडं बघत होती, मग हातातल्या फोनकडं.

"डावीकडं घे बाबा," ती म्हणाली.

त्यानं डावीकडं घेतली.